उकळेबाई

बाईंचं आडनाव उकळे नव्हतं. खरं आडनाव काय हे आमच्या केंद्रात नव्याने आलेल्या माणसाला कळायला वर्ष लागायचं, आणि कळल्यावरही तो उकळेबाईच म्हणायचा. एकदा बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी तर अगदी अदबीने, "श्रीमती उकळे, जरा आत येता का?" अशी हाक मारली. आम्ही सगळे माना खाली घालून हसू दाबत होतो. बाई शांतपणे उठल्या, साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांच्या हातातल्या पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उकळलं का हे?" नाव कसं पडलं ते साहेबांना विचारावं लागलं नाही.

खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वळूंचं केंद्र आहे. इथे वळूंचं वीर्य गोळा करतात, त्याला पोसणाऱ्या द्रावणात मिसळतात, बारीक प्लॅस्टिकच्या कांड्यांत भरतात आणि त्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतात. पुढे त्या गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांत जातात आणि तिथल्या गाई गाभण राहतात. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी इथे रुजू झाले तेव्हा आई ओळखीपाळखीत सांगायची, "पोरगी दूध खात्यात आहे." बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं कुठे सांगतात तुझ्या आई? दूध इथूनच निघतं. फक्त जरा आधी."

त्यांना स्वतःला असला संकोच ठाऊक नव्हता. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्या आल्या होत्या. पंगतीत शेजारच्या एका सुखवस्तू काकूंनी सहज विचारलं, "तुम्ही काय करता?" बाईंनी भातावर वरण ओढून घेत खणखणीत आवाजात सांगितलं, "मी बैलांचं वीर्य टिकवते." त्या काकूंचा घास हातातच राहिला, समोरच्या ओळीतले दोघे वर बघायला लागले, आणि बाई मात्र कांड्या कशा भरतात, टाकी कशी असते हे मठ्ठा येईपर्यंत समजावत राहिल्या. शेवटी त्या काकूंनीच विचारलं, "पण मग ते खराब नाही होत?" बाईंचा चेहरा उजळला. हाच प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्या जन्मभर थांबलेल्या असायच्या.

कारण खराब होऊ न देणं हेच त्यांचं काम होतं. वळूला कितीही न्हाऊमाखू घातलं तरी तो गोठ्यात राहणारा प्राणी. वीर्याबरोबर थोडे जंतू येणारच. गोठवलं म्हणजे ते मरतील असं आपल्याला वाटतं. बाई मान हलवायच्या. "थंडीत आपली पोरं झोपतात तसे तेही झोपतात. कांडी गाईच्या पोटात गेली की सगळे एकदम जागे. मग पोरं धावण्याआधी हेच गोंधळ घालतात, आणि गाय गाभण न राहता उलटते ती उलटते, वरून गर्भाशय सुजवून घेते." 'पोरं' म्हणजे शुक्राणू. सकाळी सूक्ष्मदर्शकावर वाकलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पोरं पळून राहिली का नीट?"

या जंतूंचा बंदोबस्त करायला त्या द्रावणात दोन प्रतिजैविकं घालायच्या, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. या दोन बाटल्यांना त्या 'माझी जोडी' म्हणायच्या. एक एका प्रकारच्या जंतूंना आवरतं, दुसरं दुसऱ्या प्रकारच्या, म्हणून दोघांना एकत्रच जुंपायचं. माप कधी केसभर चुकायचं नाही. पण या जोडीवर जितकं प्रेम, तितकाच तिच्यावर विसंबून राहणाऱ्यांचा राग. नव्या माणसाने हात नीट न धुता हातमोजे चढवले आणि "औषध आहेच की त्यात" असं म्हटलं, की संपलं. "औषध म्हणजे चौकीदार आहे," त्या म्हणायच्या. "चौकीदार झाडू मारत नाही. झाडू तुम्ही मारायचा."

आणि झाडू कसा! शेजारच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांची राख आमच्याकडच्या प्रत्येक पानावर असते. ती खिडकीच्या फटीतून आत येते याचा बाईंना असा संताप होता, जणू ती त्यांनाच उद्देशून सोडली जाते. रोज सकाळी आल्या आल्या त्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायच्या आणि ते बोट आम्हाला दाखवायच्या. काचसामान, रबरी नळ्या, कापडं, झाकणं, सगळं उकळत्या पाण्यातून नाही तर वाफेच्या भांड्यातून जायचं. मी एकदा पेन कानावर अडकवून प्रयोगशाळेत शिरले तर त्यांनी पेनाकडे बघितलं, मग उकळत्या पातेल्याकडे बघितलं. मी पेन बाहेर ठेवून आले.

गंमत म्हणजे बाई पक्क्या शाकाहारी, सोमवारचा उपास करणाऱ्या, आणि दिवसभर फोडायच्या अंडी. द्रावणाला अंड्याचा पिवळा बलक लागतो. थंडीचा तडाखा पोरांना सोसावा म्हणून तो त्यांच्या अंगावर पांघरुणासारखा बसतो. बाई अंडं दिव्यासमोर धरून बघायच्या, स्पिरिटने पुसायच्या, अलगद फोडून बलक गाळणकागदावर लोळवायच्या आणि पांढऱ्याचा थेंबही येऊ द्यायच्या नाहीत. उरलेल्या पांढऱ्याची भुर्जी व्हायची. ती करणारे जेवायच्या खोलीत बसले की बाई नाकाला पदर लावून डबा घेऊन झाडाखाली जायच्या. "काहून बाई, दिवसभर तर अंडीच हाताळता," असं कोणी चिडवलं, की म्हणायच्या, "ते औषध आहे. हे तुमचे चोचले आहेत."

एकदा आम्ही दोघी इतवारीच्या बाजारात गेलो होतो, उकळायला मोठं स्टीलचं पातेलं घ्यायला. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंच्या मधून वाट काढत त्यांनी पातेली वाजवून वाजवून दुकानदाराला घाम फोडला. परतताना मला गुपचूप खायची लहर आली. गुपचूप म्हणजे तुमची पाणीपुरी. मी द्रोण हातात घेतला आणि माझ्या मागून तो ठरलेला प्रश्न आला. गाडीवाल्याने बाईंकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, उकळलं तर हे गुपचूप नाही राहणार, काढा होऊन जाईल." बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा हमाल थांबला. गुपचूप त्यांनी खाल्लं नाहीच, पण त्याला म्हणाल्या, "बरोबर बोललास गा. तरी हात धुवत जा."

त्यांचं सगळ्यात जगावेगळं काम पोळ्याला असायचं. त्या दिवशी केंद्रातले सगळे वळू न्हाऊन, शिंगं रंगवून, झुली घालून उभे असतात आणि आम्ही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. बाई सगळ्या वळूंना ओवाळायच्या आणि मग प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पाट मांडायच्या. पाटावर जोडीच्या दोन रिकाम्या बाटल्या. त्यांना हळदकुंकू, फूल, पुरणाचा छोटासा घास. "वर्षभर नांगर तर हेच ओढतात," त्या म्हणायच्या. कुंकवाचा कण आत येऊ नये म्हणून पूजा बाहेर, आणि पूजा झाली की पुन्हा कोपरापर्यंत हात धुणं. बाईंची भक्तीसुद्धा निर्जंतुक होती.

आता सरदारचं सांगायला हवं. सरदार आमचा गवळाऊ जातीचा वळू. पांढराशुभ्र, उंच, बदामी डोळ्यांचा आणि इतका शांत की लहान पोर खुशाल त्याच्या पोटाखालून जावं. गवळाऊ ही आमच्या विदर्भाची स्वतःची जात, आणि सरदारच्या घराण्यातला तो केंद्रात एकटाच उरला होता. त्याला वासरू असल्यापासून धनराजभाऊंनी वाढवलेलं. धनराजभाऊ कन्हानजवळच्या एका गावचे, खांद्यावर कायम दुपट्टा, बोलणं कमी. सरदारशी मात्र दिवसभर बोलायचे. सरदारची निगा तर अशी ठेवायचे की बाईंनीसुद्धा त्यांच्या कामात कधी खोट काढली नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सरदारच्या कांड्या तपासणीत नापास झाल्या. जंतू जास्त. चिखलाच्या दिवसांत एखादा अहवाल बिघडतो, त्याचं कोणी फारसं मनावर घेत नाही. पण पुढच्या आठवड्यातही बिघडला, आणि त्याच्या पुढच्याही. श्रावण लागला तेव्हा साहेबांनी बाईंना आणि मला बोलावलं. वरून विचारणा झाली होती. नियम असा की ज्या वळूचं वीर्य वारंवार दूषित निघतं, त्याला बाद करायचं. बाद म्हणजे लिलाव. "पोळ्यापर्यंत थांबतो," साहेब म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

दाराबाहेर धनराजभाऊ उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि गोठ्याकडे गेले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनाही सरदार जायला नको होता. दोन दिवसांनी तेच उपाय घेऊन आले. "बाई, औषधाचं माप दुप्पट करा. कोण विचारतं?" खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. सरदार वाचतो आहे, तर घाला की चमचाभर जास्त! बाई खुर्चीवरून उठल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, दुप्पट घातलं तर पोरंही लुळी पडतील. समजा नाही पडली, तरी कांडी पास होईल, सरदार नापासच राहील. आणि हे जंतू उद्या त्या औषधाला सरावले तर परवा काय घालू? चौपट?" साहेब म्हणाले, "मग सरदार गेला तर?" बाईंचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण माप त्यांनी वाढवलं नाही.

मग सुरू झाला बाईंचा शोध, आणि तो त्यांनी स्वतःपासून सुरू केला. द्रावण नव्याने तपासलं. पाणी तपासलं. अंडी बदलली. रबरी नळ्या नव्या घेतल्या. जे उकळण्यासारखं होतं ते उकळलं आणि जे नव्हतं त्याकडेही त्या संशयाने बघायला लागल्या. माझी वेणी कोणत्या क्षणी पातेल्यात जाईल याचा नेम राहिला नव्हता. सगळं स्वच्छ निघत होतं आणि सरदारचा अहवाल बिघडतच होता. गोठ्यात जाऊन त्यांनी धनराजभाऊंनाही विचारलं, "धुणं, पुसणं सगळं नेहमीसारखंच न?" भाऊ म्हणाले, "जास्तच करून राहिलो, मॅडम." बाईंनी विश्वास ठेवला. धनराजभाऊ खोटं बोलणारे नव्हते, आणि ते खोटं बोललेही नव्हते.

एका दुपारी डबा खाताना त्या एकदम थांबल्या. "पोरी, सरदारचं वीर्य आपण मंगळवारी घेतो आणि शुक्रवारी घेतो. शुक्रवारचं ठीक असते वं. मंगळवारचंच नासते." मी आठवून पाहिलं. खरंच होतं. "सोमवारी काय होते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सोमवारी काहीच नाही. सोमवारी त्याला आराम असतो." बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आराम कसा करते ते पाहू."

सोमवारी सकाळी आम्ही दोघी नेहमीपेक्षा लवकर गोठ्याशी पोचलो. धनराजभाऊ अनवाणी उभे होते. कपाळाला भस्म, हातात तांब्या. सरदारच्या पाठीवर बेलाची पानं होती आणि भाऊ तोंडाने पुटपुटत त्याच्या वशिंडावरून दुधाची धार सोडत होते. दूध पाठीवरून, कुशीवरून ओघळत पोटाखाली जमत होतं आणि तिथल्या लांब केसांवरून टपटप गळत होतं. सरदार डोळे मिटून उभा होता. त्याला ते सगळं फार आवडत असावं.

"धनराजभाऊ," बाई म्हणाल्या, "हे काय करून राहिले तुम्ही?"

भाऊ दचकले. "नवस आहे मॅडम."

"कशाचा?"

"याचाच. पयल्यांदा फेल झाला न हा, तवा बोललो. हा पास होऊन जाऊ दे, दर सोमवारी दूध चढवतो म्हटलं. नंदीच आहे न हा." त्यांनी सरदारच्या मानेवर हात ठेवला. "आता तर साहेब लिलावाचं बोलून राहिले. म्हून तांब्या मोठा आणला."

बाईंनी तांब्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता स्फोट होणार. मग त्यांनी विचारलं, आणि दुसरं त्या काय विचारणार होत्या, "दूध उकळलं का?"

"देवाले उकळलेलं कोण चढवते, मॅडम? कच्चंच चढवा लागते."

"मग नंतर धुतलं काहून नाही?"

धनराजभाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकला असावा. "चढवलेलं दूध धुवून टाकू? मले पाप नाही लागणार? मंगळवारी बी तेवढी जागा सोडून धुतो मी. ती जागा बुधवारीच धुतो. बाकी पुरा चकाचक करतो."

बाई गव्हाणीच्या कडेवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. धनराजभाऊ गोंधळून माझ्याकडे बघत होते. "अहो," बाई म्हणाल्या, "माझी जोडी एकीकडे ओढून राहिली आणि तुमचा नवस दुसरीकडे. मधात हा बिचारा उभा!" मग त्यांनी भाऊंना जवळ बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. कच्चं दूध, दमट केस, रात्रभराची ऊब, आणि त्यात जंतूंची कशी चंगळ होते ते. ऐकता ऐकता भाऊंचा चेहरा पडत गेला. "म्हंजे मीच..." एवढंच ते म्हणाले, आणि दुपट्ट्यात तोंड लपवून रडायला लागले.

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या कोणाला सहसा हात लावत नसत. "तुम्ही मायेनं केलं. आता नवस मोडू नका, फक्त वार बदला. मंगळवारी वीर्य घेऊन झालं की दुपारी चढवा. कपाळावर, पळीभर. देवाचं झालं की आंघोळ घाला."

"सोमवारचा नवस मंगळवारी चालते का, मॅडम?"

"मी जन्मभर सोमवार करून राहिली. माझ्या शब्दावर चालते. पाप लागलं तर माझ्या नावावर टाका." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि दूध उकळून."

"उकळून?"

"देवालेही पोट असते."

सरदारच्या पोटाखालचे केस कातरले, गोठ्यातलं गवत बदललं, तो रोज घासून धुतला जाऊ लागला. मधल्या काळातल्या कांड्या बाईंनी स्वतः टाकून दिल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वळूंच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळणं चाललं असताना अहवाल आला. स्वच्छ. औषधाचं माप तेच, नेहमीचं. साहेबांनी स्वतः गोठ्यात येऊन सांगितलं. धनराजभाऊंनी हळदीने माखलेल्या हातांनीच त्यांचे हात धरले, आणि साहेबांचा शर्ट पिवळा झाला तो कायमचा. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाट मांडला तेव्हा धनराजभाऊ आपणहून आले आणि दोन्ही बाटल्यांसमोर हात जोडून उभे राहिले. "हे बी नंदीच निघाले," म्हणाले.

सरदार पुढे बरीच वर्षं होता. म्हातारा होऊन, आमच्याच गोठ्यात, भाऊंच्या हातून चारा खात गेला. त्याच्या कांड्या अजून टाकीत आहेत. बाई निवृत्त झाल्या, मग धनराजभाऊही. आता ती जुनी जोडीही बदलली. जंतू तिला सरावत चालले म्हणून नवी औषधं आली. बाई परवाची काळजी करायच्या ती उगाच नव्हती. पोळ्याला पाट आता मी मांडते. नव्या बाटल्यांना कुंकू लावताना नवी मुलं फोनवर फोटो काढतात आणि मी त्यांना आधी हात धुवायला पाठवते. माझ्यामागे ती मला काय म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

बाई गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी काही दिवस धनराजभाऊंचा फोन आला होता. त्यांच्या घरच्या गाईला सरदारच्या कांडीची कालवड झाली होती, ती मोठी होऊन व्याली होती, आणि तिचं दूध त्यांना मोठ्या मॅडमना द्यायचं होतं. आम्ही दोघं महाल भागातल्या त्यांच्या घरी गेलो. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. डावी बाजू अधू झालेली, बोलणं सावकाश, पण खिडकीच्या कट्ट्यावर राखेचा कण नव्हता.

"सरदारच्या लेकीचं आहे," भाऊ म्हणाले आणि बरणीतलं दूध पेल्यात ओतून त्यांच्या उजव्या हातात दिलं. आम्ही दोघंही थांबलो. तो प्रश्न येणार होता, आणि भाऊंच्या ओठांवर उत्तर तयार होतं हे मला दिसत होतं. बाईंनी पेल्याकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, आणि पेला सरळ तोंडाला लावला.

भाऊंना राहवेना. "मॅडम, इचारा न!"

बाईंनी पेला पूर्ण रिकामा केला. ओठांवरची साय पुसली. "तुम्ही आणलं न, धनराजभाऊ?" त्या म्हणाल्या. "मग काय इचाराचं?"

जिना उतरताना धनराजभाऊ कठड्याला धरून थांबले. दुपट्ट्याने डोळे पुसले, आणि मी काही विचारलं नव्हतं तरी मला म्हणाले, "उकळलं होतं, लहान मॅडम. तीनदा उकळलं होतं."